खाडीत सोडलेले गरम पाणी

ठाकुर्ली स्टेशनावरून जाताना कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या मंडळींना अजूनही चोळा पॉवर हाऊस आठवते. रेल्वेने आपल्या विजेवरच्या गाड्यांसाठी उभारलेले हे कोळशाचे वीजकेंद्र कित्येक दशके चालले आणि मग बंद पडले. कोळसा रेल्वेने कुठेही नेता आला असता. मग केंद्र उल्हास नदीच्या काठीच का उभे राहिले? या साध्या प्रश्नाच्या उत्तरातच आजचा विषय आहे. वीज तयार करायला जेवढी आग लागते, तेवढेच पाणीही लागते. आणि ते पाणी वापरून झाल्यावर कुठेतरी सोडावे लागते.

आज आपल्या भागातली अशी मोठी केंद्रे समुद्राकाठी आहेत. ठाणे खाडी मुंबईच्या बंदराला मिळते तिथे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, टाटांचे औष्णिक केंद्र आहे. उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे, तर डहाणूचे ५०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र १९९५-९६ मध्ये सुरू झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर डहाणू आणि तारापूर दोन्ही आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. तारापूरची वीज महाराष्ट्र आणि गुजरातच्या जाळ्यात जाते. म्हणजे आपल्या घरातल्या पंख्याचा त्या किनाऱ्याशी काहीतरी संबंध आहेच.

डहाणू तालुक्यात सुमारे दोन तृतीयांश लोक आदिवासी आहेत. वारली सर्वाधिक, शिवाय कोकणा, मल्हार कोळी, दुबळा, काथोडी. किनाऱ्याच्या गावांत मांगेला आणि कोळी समाजाची होडीवरची मासेमारी चालते. ती आपल्याला माहीत असते, कारण होडी दिसते, बंदर दिसते, बाजारात पापलेट दिसते. पण खाडीच्या कडेला आणखी एक मासेमारी चालते, जिच्यासाठी होडी लागत नाही. ओहोटी लागली की पाड्यावरच्या बाया-माणसे चिखलात उतरतात. कुणी आकडीने बिळातली चिंबोरी काढते, कुणी खडकावरची कालवे फोडते, कुणी शिंपल्या वेचते, कुणी पाग टाकून बोय किंवा कोळंबी धरते. निवटे धरायला तर पोरेही हुशार असतात. यातले थोडे विकले जाते, बरेचसे त्याच दिवशी घरच्या कालवणात जाते. भातकापणी संपून मजुरी आटते, तेव्हा हेच ताटातले सकस अन्न असते.

खाडीतल्या गरम पाण्याचा विचार या पायी मासेमारी करणाऱ्यांच्या बाजूने करायला हवा. त्याचे कारण समजण्यासाठी आधी हे पाणी गरम का होते ते पाहू.

पाणी कशासाठी लागते?

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. त्या वाफेच्या जोराने टर्बाइनचे चाक फिरते आणि वीज तयार होते. चाक फिरवून झालेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते, नाहीतर चक्र पुढे चालत नाही. त्यासाठी वाफ हजारो नळ्यांवरून नेतात आणि नळ्यांच्या आतून थंड पाणी खेळवतात. या यंत्राला कंडेन्सर म्हणतात. वाफेची उष्णता नळीतल्या पाण्यात उतरते. वाफ निवते आणि नळीतले पाणी तापून बाहेर पडते.

कोळशात शंभर भाग उष्णता असेल, तर त्यातले पस्तीस ते अडतीस भाग विजेच्या रूपाने हाती येतात. दहा-बारा भाग धुराड्यातून जातात. उरलेले जवळजवळ पन्नास भाग या पाण्यात जातात. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. वाफेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राची ती मर्यादाच आहे. अणुवीज केंद्रात धुराडे नसते आणि उष्णतेचा विजेत उतरणारा वाटा तीस-बत्तीस भागांचा असतो. त्यामुळे तिथे दोन तृतीयांश उष्णता पाण्यात जाते.

आता हिशेब करू. ५०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालू असेल आणि पाणी आठ अंशांनी तापवून सोडत असेल, तर त्याला सेकंदाला साधारण वीस हजार लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. दर सेकंदाला असे दोन टँकर, रात्रंदिवस. गोड्या पाण्याचा एवढा साठा कुठे मिळणार? म्हणून ही केंद्रे समुद्राकडे सरकली. डहाणूचे केंद्र खाडीचे खारे पाणी घेते, एकदाच कंडेन्सरमधून फिरवते आणि परत सोडते.

पाण्यातल्या जिवांचे काय होते?

पहिला फटका पाणी आत घेतानाच बसतो. मोठे मासे तोंडाशी लावलेल्या जाळीवर अडकतात. जाळीतून आत जाते ते डोळ्यांना न दिसणारे जग: माशांची अंडी, कोळंबीची आणि चिंबोरीची पिल्ले, त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म प्लवंग. पंपाचा मार, अचानक वाढलेले तापमान आणि क्लोरिन अशा तीन गोष्टी त्यांना एकापाठोपाठ सोसाव्या लागतात. क्लोरिन कशाला? नळ्यांच्या आत शिंपले, बार्नॅकल आणि शेवाळ धरू नये म्हणून ते पाण्यात घालतात. त्याचा थोडासा अंश बाहेर पडणाऱ्या पाण्यातही राहू शकतो. खाडी ही माशांची पाळणाघरासारखी जागा आहे. समुद्रात वाढणाऱ्या कित्येक जाती लहानपणी खारफुटीच्या आडोशाला येऊन राहतात. म्हणून इथल्या पाण्यातून गेलेल्या पिल्लांचा हिशेब पुढच्या वर्षीच्या जाळ्यात लागतो.

दुसरा परिणाम तापमानाचा. माशाला आपल्यासारखे अंगाचे तापमान राखता येत नाही. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते आणि आतले सगळे व्यवहार वेगाने होऊ लागतात. पाणी दहा अंशांनी तापले तर त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. पण पाणी जसे तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २८ अंशांचे समुद्राचे पाणी ३६ अंशांवर गेले की त्यात मावणारा प्राणवायू दहा-बारा टक्क्यांनी घटतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो.

इथे आपल्या हवामानाची बाजू लक्षात घ्यायला हवी. थंड देशांत हिवाळ्यात असे गरम पाणी काही प्राण्यांना हवेसे वाटते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात समुद्रगायी थंडीच्या दिवसांत वीजकेंद्रांच्या गरम पाण्यापाशी जमतात. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. उष्ण कटिबंधातले बरेच जीव आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळ राहतात. मे महिन्यात ओहोटीच्या वेळी उथळ खाडीचे पाणी उन्हाने तापलेले असतेच. त्यावर आणखी पाच-सात अंश चढले, तर कालवे आणि शिंपल्यांसारख्या जिवांना पुढे जायला जागाच उरत नाही.

त्याच फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्राचे उदाहरण अभ्यासक आजही देतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथले गरम पाणी बिस्केन उपसागराच्या उथळ भागात सोडले जाऊ लागले. जिथे पाणी चार अंशांनी तापले, तिथले समुद्री गवत आणि त्यावर जगणारे प्राणी जवळजवळ नाहीसे झाले. तीन अंशांच्या पट्ट्यातही ते विरळ झाले. सरकार कोर्टात गेले. १९७१ च्या तडजोडीनंतर कंपनीला पाणी थंड करण्यासाठी जमिनीवर कालव्यांचे मोठे जाळे खोदावे लागले.

मासा जातो, माणूस राहतो

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गरम पाण्याने खाडीतले सगळे मासे मरून तरंगतात असे सहसा होत नाही. ज्याला पोहता येते तो बाजूला जातो. बोय जाते, कोळंबी जाते, जिताडा जातो. ते दुसरीकडे सापडतात. होडीवाला तिकडे जाऊ शकतो. त्यात त्याचे जास्तीचे डिझेल जळते, वेळ जातो, पण मासा हाती लागतो.

पायी जाणाऱ्या बाईला तसे करता येत नाही. तिची मासेमारी म्हणजे पाड्यापासून चालत जाऊन ओहोटीच्या तीन-चार तासांत परत येता येईल एवढाच चिखल. मासा एक किलोमीटर सरकला तर तिच्यासाठी तो संपलाच. आणि ती जे वेचते त्यातले बरेच जीव सरकू शकत नाहीत. कालव खडकाला चिकटलेले असते, शिंपली वाळूत पुरलेली असते, चिंबोरीचे बीळ ठरलेले असते. म्हणून उष्णतेचा परिणाम सगळ्यात आधी तिच्या टोपलीत दिसतो.

तरीही तो कागदावर येत नाही. मासेमारीची आकडेवारी होड्या, बंदरे आणि सहकारी संस्था यांच्याकडून गोळा होते. जिच्याकडे होडी नाही, परवाना नाही, जिचा माल घरातच खाल्ला जातो, तिची नोंद कुठे होणार? नुकसानभरपाईचा प्रश्न येतो तेव्हाही याद्या होडीवाल्यांच्याच बनतात.

मोजणीचीही गंमत आहे. गरम पाणी हलके असते. ते वर तरंगते आणि किनाऱ्याच्या उथळ भागात पसरते. खोल पाण्यात, थोड्या अंतरावर जाऊन तापमान घेतले तर फरक किरकोळ निघतो. मोजणारा म्हणतो, पाणी ठीक आहे. चिखलात उभी असलेली बाई म्हणते, पायाला चटका बसतो. दोघेही खरे बोलत असतात, पण दोघे वेगळ्या जागी उभे असतात. खाडीत तर आणखी एक गोष्ट घडते. ओहोटीला बाहेर गेलेले गरम पाणी भरतीबरोबर परत आत येऊ शकते. उधाणाच्या दिवसांत पाण्याची अदलाबदल भरपूर होते. भांगाच्या दिवसांत ती मंदावते आणि उष्णता खाडीतच रेंगाळते. त्यामुळे कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कुठे मोजले, यावर उत्तर बदलते.

नियम काय सांगतो?

आपल्या देशात याबाबत नियम आहे. १९९९ च्या सुमारास लागू झालेल्या मानकांनुसार समुद्राचे पाणी वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रामुळे, ज्या पाण्यात ते सोडले जाते त्याचे तापमान मूळ तापमानाहून ७ अंशांपेक्षा अधिक वाढता कामा नये. त्याआधीच्या केंद्रांसाठी कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला फरक १० अंशांपर्यंत चालतो. हे दोन्ही नियम फरकाचे आहेत. शेवटी पाणी किती अंशांवर पोहोचले, हे त्यात धरलेले नाही. जानेवारीतले सात अंश आणि मे महिन्यातले सात अंश कागदावर सारखेच, पण शिंपलीसाठी नाहीत. शिवाय मूळ तापमानही वर चालले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवले आहे की चार दशकांपूर्वीच्या मानाने अरबी समुद्राचा पृष्ठभाग पावसाळ्यापूर्वीच्या काळात एक अंशाहून अधिक तापला आहे.

डहाणूला तर विशेष संरक्षण आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या उद्योगांवर मर्यादा घातल्या. वीजकेंद्राला त्याआधीच मंजुरी मिळाली होती. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. स्थानिक रहिवाशांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि प्राधिकरणाने कणखर भूमिका घेतली, म्हणूनच २००७ मध्ये या केंद्रात धुरातला गंधक वायू काढणारी यंत्रणा बसली. चिकूच्या बागांवर आणि माणसांच्या फुप्फुसांवर जाणारा गंधक त्यामुळे अडला. ही यंत्रणाही समुद्राचेच पाणी वापरते. हवेच्या बाबतीत लोक बोलले, कारण धूर सगळ्यांना दिसतो. पाण्यातली उष्णता दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल तेवढे बोलले गेले नाही.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. मासे कमी होण्याला उष्णता हे एकच कारण नसते. बारीक आसाची जाळी, यांत्रिक बोटींची बेसुमार मासेमारी, खारफुटीची तोड, गावाशहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने हीसुद्धा कारणे आहेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तो लढा रसायनांचा होता. उष्णतेचा प्रश्न वेगळा आहे. पण दोन्ही एकत्र आल्यावर त्रास वाढतो, कारण गरम पाण्यात जीव आधीच दमलेला असतो आणि पुष्कळशी विषे जास्त गतीने भिनतात.

उपाय आहेत का?

आहेत, आणि प्रत्येकाची किंमत आहे. पाणी थेट खाडीत न सोडता लांब उघड्या कालव्यातून किंवा तलावातून फिरवले तर बरीच उष्णता हवेत जाते, पण त्याला जमीन लागते. ती जमीन कुणाची, हा प्रश्न आदिवासी भागात नेहमीच पहिला विचारावा लागतो. पाइप टाकून खोल समुद्रात अनेक तोंडांनी पाणी सोडले तर ते लवकर मिसळते, पण खर्च मोठा येतो. कूलिंग टॉवर बांधला तर समुद्राचे पाणी फारच कमी लागते, मात्र केंद्राची थोडी वीज त्यातच खर्च होते आणि खाऱ्या पाण्याचा टॉवर असेल तर मिठाचे तुषार वाऱ्याने आसपास पडतात. ज्या घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या बागांच्या शेजारी हा विचार करावाच लागेल. पाणी आत घेण्याचा वेग कमी ठेवणे, तोंडाशी बारीक जाळी बसवणे आणि क्लोरिन गरजेपुरतेच वापरणे हे उपाय त्या मानाने स्वस्त आहेत आणि पिल्लांचा जीव वाचवतात.

आपल्याला काय करता येईल?

आपण काही इंजिनीअर नाही आणि वीज नको असेही आपण म्हणू शकत नाही. पाड्यावरच्या घरालाही दिवा हवाच आहे. पण जिची कुठेच नोंद होत नाही तिची नोंद करणे, हे काम आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आहे.

पाण्यात बुडवायचा साधा, पारा नसलेला थर्मामीटर स्वस्तात मिळतो. किनाऱ्याजवळच्या पाड्यावरच्या बचतगटाने किंवा आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलांनी शिक्षकांसोबत महिन्यातून चार वेळा, ओहोटीला, ठरलेल्या दोन-तीन जागी तापमान घ्यावे. त्यातली एक जागा केंद्रापासून दूरच्या खाडीत असावी, म्हणजे तुलना करता येईल. वहीत पाच रकाने पुरेत: तारीख व तिथी, वेळ, जागा, तापमान, आणि त्या दिवशी टोपलीत काय व किती आले. तिथी अशासाठी की उधाण आणि भांग कळावे. पाणी घेण्याच्या आणि सोडण्याच्या तोंडाजवळ मात्र कधीही जाऊ नये. तिथे ओढ जबरदस्त असते, आणि तारापूरसारख्या ठिकाणी तो परिसर प्रवेशबंदीचा आहे.

दुसरे काम शहरात बसून होण्यासारखे आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो लोकांसाठी खुला असतो, आणि न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात मागता येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या वाचकांत निवृत्त अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, वकील आहेत. एखाद्याने तो अहवाल वाचून त्यातले तापमानाचे आकडे, मोजण्याची जागा आणि वेळ सोप्या मराठीत लिहून पाड्यावर पोहोचवली, तर ती मदत कपड्यांच्या गाठोड्याहून कमी नसेल. एकीकडे केंद्राचा अहवाल आणि दुसरीकडे बायांची वही असे दोन कागद शेजारी ठेवले, की प्राधिकरणासमोर किंवा जनसुनावणीत विचारायचा प्रश्न आपोआप तयार होतो: तुम्ही मोजले ते कुठे उभे राहून?

होडी नसलेल्या माणसाचे नावही यादीत यावे, त्याच्या उभे राहण्याच्या जागी पाणी मोजले जावे, एवढीच मागणी आहे. दोन-तीन वर्षे नीट भरलेली एक वही ती मागणी कागदावर आणू शकते.